नावठेव्यांचं शेवटचं परीक्षण

त्यांचं खरं आडनाव ऑफिसात कोणी वापरत नसे. 'नावठेवे' हे आडनाव त्यांना प्रेक्षकांनी दिलं होतं आणि त्यांनी ते मिरवलं होतं. एकाने त्यांच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, "हा माणूस स्वर्गात गेला तरी तिथल्या खुर्च्यांना नावं ठेवेल." त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरात छापून घेतलं आणि रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. खाली पेनाने लिहिलं, "आधी खुर्ची बघू."

काम त्यांचं साधं होतं. नवा फोन आला, नवा व्हिडिओ गेम आला, नवे हेडफोन आले, की ते घरी न्यायचे. पुरेसे दिवस वापरायचे. मग कॅमेऱ्यासमोर बसून लोकांना सांगायचे, घ्या किंवा घेऊ नका. त्याआधी अनेक वर्षं त्यांनी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं होतं. म्हणून सहकारी त्यांना मास्तर म्हणत. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि आई.

कात्री त्यांचे व्हिडिओ कापायची आणि जोडायची. हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी विचारलं होतं,

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे बेकार."

"हो."

"बरं झालं. कविता वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. बस."

ती बसली, ती चार वर्षं तिथेच बसली. मास्तर तिच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि पडद्यावरच्या स्वतःच्याच तोंडाकडे वैऱ्यासारखे बघायचे. "हे काढ. फार शहाणपणा करतोय हा." पण एका गोष्टीला हात लावू द्यायचे नाहीत. "श्वास कापू नकोस. माणूस श्वास घेतो तेव्हा तो विचार करत असतो. श्वास कापलास की पोपट उरतो."

मास्तरांच्या दोन रीती होत्या. नेहमीच्या प्रेक्षकांना दोन्ही ठाऊक होत्या.

पहिली, आधी खोट. परीक्षण दोषांपासूनच सुरू व्हायचं. वस्तू कितीही चांगली असो, "नमस्कार. आधी खोट," इथूनच गाडी सुटायची. गुण शेवटी. ते म्हणायचे, गोड आधी खाल्लं की कडू कळत नाही.

दुसरी रीत चष्म्याची. चॅनेल जाहिरातींवर चालायचं आणि मधेमधे मास्तरांनाच जाहिरात वाचावी लागायची. कोपऱ्यात 'प्रायोजित' अशी पाटी यायचीच, पण तेवढ्यावर त्यांचं भागत नसे. जाहिरात सुरू होण्याआधी ते चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. त्यांचा नंबर जबरदस्त होता. चष्म्याशिवाय त्यांना कॅमेराही दिसत नसे. समोरच्या पडद्यावर जाहिरातीची अक्षरं केवढी तरी मोठी करून ठेवावी लागायची. "समोर कोणी दिसलं नाही की जाहिरात वाचायला सोपं जातं," असं ते हसून सांगायचे. जाहिरात संपली की चष्मा पुन्हा नाकावर. प्रेक्षक एकमेकांना लिहायचे, चष्मा आहे ना, मग घे डोळे मिटून.

चॅनेलचा मालक म्हणजे दादा. त्याने आणि मास्तरांनी मिळून हे सुरू केलं होतं, एका खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर ब्लँकेट टांगून. आता आख्खा मजला होता, काचेच्या भिंती होत्या, पगारावर माणसं होती. दादा वाईट नव्हता. माणसं वाढली तशी त्याची झोप कमी झाली, एवढंच. दोघांची भांडणं व्हायची, काचेमागे, आवाज न येता. बाहेरून फक्त हातवारे दिसायचे. बाहेर आल्यावर दादा म्हणायचा, "जाऊ दे. त्याचंच खरं." आणि तसंच व्हायचं.

त्या वर्षी एका कंपनीने चॅनेलचं सगळं वर्ष प्रायोजित केलं. हातात धरून खेळायचे कन्सोल बनवणारी कंपनी. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तिचं चिन्ह. बोलणी मास्तरांच्या समोरच झाली होती. जाहिरात तुमची, परीक्षण आमचं, असं ठरलं होतं. मग कंपनीचा नवा कन्सोल परीक्षणाला आला. मास्तरांनी तो घरी नेला, वापरला, आणि एका दुपारी कॅमेऱ्यासमोर बसून त्याला यथेच्छ नावं ठेवली. चष्मा घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाजी घेऊन घरी परतत होते. इमारतीच्या जिन्यात बसले. शेजाऱ्यांना वाटलं, दम खातायत. ते पुन्हा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधी दुखलं नव्हतं, कधी तक्रार नव्हती. ज्याला जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल तक्रार होती, त्याने स्वतःच्या छातीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

ऑफिस बंद ठेवलं गेलं आणि मग पुन्हा उघडलं. कात्री आली तेव्हा तिच्या खुर्चीमागे जागा रिकामी होती. तिने खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दादाने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. आत जाहिरातवाल्या बाई बसल्या होत्या. कंपनीचं काम त्याच बघायच्या. त्यांचे डोळेही ओले होते, आणि ते खरं होतं.

"लोक विचारतायत," दादा म्हणाला. "शेवटचं परीक्षण कधी येणार म्हणून."

"यायलाच हवं," बाई म्हणाल्या. "फक्त मला वाटतं, ही त्यांची शेवटची आठवण असणार. ती कडू कशाला? ते स्क्रीनबद्दल इतकं सुंदर बोललेत. तेवढंच ठेवू या ना."

कात्रीने दादाकडे बघितलं. "मास्तरांनी दोष आधी सांगितलेत."

"माहीत आहे."

"मग ते कसे कापू?"

"खोटं काही घालायचं नाहीये. जे बोलला तेच. फक्त लांबी कमी."

"दादा."

"अगं, तू रोज कापतेस."

"रोज मास्तर मागे उभे असतात."

ऑफिसात सगळ्यात जास्त दादाच रडला होता. चेहरा अजून सुजलेला होता. बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "तो असता तर भांडला असता माझ्याशी. आणि जिंकला असता. आता कंपनीचं हे वर्ष हातचं गेलं तर बाहेर बसलेल्या अर्ध्या लोकांना मला घरी पाठवावं लागेल. तुला भांडायचं असेल तर भांड. मी ऐकेन. शप्पथ."

ती उठली. मास्तरांसाठी भांडायचं काम नेहमी मास्तरच करायचे. तिला त्याची सवय नव्हती.

ती जाऊन बसली आणि कापायला लागली.

काम कठीण होतं, म्हणून तिने ते चांगलं केलं. हे तिला नंतर सगळ्यात जास्त टोचलं. कन्सोलची पाठ तापते, ते गेलं. बटण घट्ट आहे, ते गेलं. बॅटरी, किंमत, लहान मुलांबद्दलचं सगळं गेलं. उरलेलं कौतुक चिमूटभर होतं. ते पुरवायला वाक्यांमधले सांधे जुळवावे लागले. मास्तर जिथे "पण" म्हणण्याआधी श्वास घेत, तिथेच ती कापत गेली. श्वास आणि 'पण' दोन्ही जात राहिले. शेवटी पडद्यावर एक हसतमुख माणूस उरला. चष्मा घातलेला.

झाल्यावर तिने मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं. व्हिडिओ तयार झाला की मूळ पुसायचं, ही चॅनेलची रीतच होती, आणि तीही मास्तरांनीच घालून दिलेली. जे दाखवलं त्याच्यामागे उभं राहायचं, मागचं साठवायचं कशाला, असं ते म्हणायचे. चार वर्षांची सवय. काम संपलं, बोट गेलं. काय केलं हे तिला घरी पोहोचल्यावर कळलं. ती बूट न काढता दारातच उभी राहिली.

व्हिडिओ गेला आणि लोक त्यावर अक्षरशः तुटून पडले. चॅनेलचा कुठलाच व्हिडिओ आजवर एवढा पाहिला गेला नव्हता. खाली माणसं रडत होती. "शेवटी मास्तरही विरघळले." "नावठेव्यांनी नावं ठेवली नाहीत अशी एकमेव वस्तू. आजच मागवली." "चष्मा आहे बघा. मनापासून बोलतायत."

काही दिवसांनी ऑफिसातलं मास्तरांचं सामान घरी पोचवायचं होतं. कात्री म्हणाली, मी जाते. एक स्वेटर, कान तुटलेला कप, चार्जरचा गुंता, आणि दारावरचा तो कागद. कागद काढताना एक कोपरा फाटून दारालाच राहिला.

मास्तरांच्या आईला ती मावशी म्हणायची. मावशींच्या बोटांना संधिवात होता. प्रत्येक नवी वस्तू मास्तर आधी त्यांच्या हातात द्यायचे. "ही माझी प्रयोगशाळा," असं त्यांनी कात्रीला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, "भाडं देत नाही प्रयोगशाळेचं."

दुपार उतरत होती. मावशींनी दार उघडलं, पिशवी घेतली, उघडून बघितली नाही.

"चहा घेतेस?"

"नको मावशी."

"नको म्हणणाऱ्याला मी जास्त साखर घालते. बस."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून ठेवला होता. त्यावर मास्तर होते. आवाज बंद. मावशींनी चहा समोर ठेवला आणि खुर्ची ओढली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"त्याला कळलं होतं का गं?"

"काय?"

"आपण जाणार, ते."

कात्रीने कप खाली ठेवला.

"हे बघ," मावशी फोनकडे बोट करून म्हणाल्या. "चष्मा आहे. म्हणजे पोटातलं बोलतोय. पण आल्या आल्या कौतुक? हा? अगं, जन्मल्या जन्मल्या यानं सुइणीच्या हातांना नावं ठेवली असतील. माझ्या हातचं जन्मभर खाल्लं, कधी आधी छान म्हणाला? आधी मीठ जास्त, मग बाकीचं. आणि इथे बघावं तर नुसता गोडवा. माणूस जायच्या आधी गोड होतो म्हणतात. तसंच असणार. आतून कळलं असणार त्याला." त्या थांबल्या. "सगळ्या जगाला दिसतंय या फोनवर. मला घरात दिसलं नाही. मी त्याला भाजी आणायला पाठवला."

त्या रडत नव्हत्या. हिशोब लागल्यासारखं बोलत होत्या. कात्रीच्या लक्षात आलं की या बाईंनी हा व्हिडिओ किती वेळा बघितला असेल, आणि प्रत्येक वेळी त्यात काय शोधलं असेल. तिने घातलेले सांधे त्यांना दिसले नव्हते. दिसला होता मुलाच्या चेहऱ्यावरचा मृत्यू, जो तिथे नव्हताच.

"मावशी," ती म्हणाली, "मास्तर गोड झाले नव्हते. मी केलं त्यांना गोड."

मावशींनी मान वर केली.

"त्यांनी नेहमीसारखंच केलं होतं. आधी खोट. भरपूर बोलले. ते सगळं मी कापलं. कंपनीला नको होतं, दादाने सांगितलं, मी कापलं. हे उरलेलं आहे नुसतं."

मावशींनी तिच्या हातावर थोपटलं. "माझी समजूत नको काढूस बाळा. तुझं वय नाही ते."

"समजूत नाही काढत."

"मग दाखव. ते कापलेलं."

"पुसलं."

"कोणी?"

"मीच. सवयीने."

"हं," मावशी म्हणाल्या. विश्वास बसला नव्हता. बसणार तरी कसा? फोनवर त्यांचा मुलगा चष्मा घालून हसत होता, आणि चष्मा घातल्यावर तो खोटं बोलत नाही हे त्यांनी सगळ्यांच्या आधीपासून पाहिलं होतं. कात्रीकडे तर दाखवायला काहीच नव्हतं.

पण ऐकवायला होतं. कापण्यासाठी तिने ते रेकॉर्डिंग इतक्यांदा मागेपुढे फिरवलं होतं की झोपेतही ते तिच्या कानात चालायचं.

"कन्सोलच्या खांद्यावरचं बटण आठवतंय?" तिने विचारलं. "उजवीकडचं?"

"त्याचं काय?"

"मास्तर म्हणाले, हे बटण इतकं घट्ट आहे की आमच्या आईने दाबलं आणि मला विचारलं, 'हे बटण आहे की गंजलेली कडी? याला तेल तू घालतोस की मी घालू?'"

मावशींचा हात टेबलावर थांबला.

ते वाक्य त्या इथेच बोलल्या होत्या. याच खुर्चीवर. घरात दोघांखेरीज कोणी नव्हतं.

"असं म्हणाला?"

"असंच. आणि मग हसले. मग म्हणाले, हसू नका, त्यांनी खरंच तेल आणलं होतं."

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यातून जे बाहेर पडलं ते आधी हसू होतं. मग ते हसू राहिलं नाही. कात्री उठून त्यांच्याजवळ गेली. काय करायचं ते न कळून नुसती उभी राहिली, त्यांच्या खुर्चीमागे.

"सांग," मावशी म्हणाल्या, डोळे पुसून. "पहिल्यापासून सांग. जसं म्हणाला तसं."

तिने सांगितलं. "नमस्कार. आधी खोट. कंपनीचं चिन्ह आमच्या व्हिडिओवर आहे, ते तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं, आता ते विसरा." मग बटण. मग बॅटरी. मग, "दोन तास खेळलात की याची पाठ तापते. चटका नाही बसत. पण लहान मूल तो हातातून सोडत नाही, हे मला माहीत आहे आणि कंपनीलाही माहीत असायला हवं." इथे ती थांबली.

"काय झालं?"

"इथे थांबले होते. एक श्वास."

"मग तूही थांब."

ती थांबली. मग पुढे बोलली. "मुलांसाठी घेऊ नका. ही चूक दुरुस्त करेपर्यंत कोणासाठीच घेऊ नका."

"आणि हे?" मावशींनी फोनकडे बोट केलं. "स्क्रीन सुंदर आहे म्हणतोय ते?"

"तेही खरंच. पण शेवटी."

"शेवटी," मावशी म्हणाल्या. त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे नेहमीसारखाच होता."

"अगदी नेहमीसारखा. मला म्हणाले, उद्या लवकर ये, हा माणूस फार लांबण लावतो, अर्धा कापावा लागेल."

"उद्या म्हणाला?"

"हो."

मावशींनी तो शब्द कुठेतरी आत ठेवून दिला. मग उठल्या, कपाटाकडे गेल्या, आणि कन्सोल घेऊन आल्या. परत पाठवायची वस्तू. मास्तर काहीच ठेवून घेत नसत. कंपनीचा माणूस उद्या न्यायला येणार होता.

"लोकांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

कात्रीने स्वतःचा फोन काढला. व्हिडिओखाली लिहायला जागा होती. तिने स्वतःच्या खऱ्या नावाने लिहायला सुरुवात केली. मी हा व्हिडिओ कापला. मूळ परीक्षणात दोष आधी होते. ते असे.

"नोकरी जाईल तुझी."

"बहुतेक."

"मग राहू दे. मला कळलं ना, पुरे."

"लिहिते मावशी."

मावशींनी पुन्हा अडवलं नाही. त्यांनी कन्सोल सुरू केला आणि ठोकळे रचायचा एक खेळ काढला. वाकडे अंगठे हळूहळू चालू लागले. "गंजलेली कडी," त्या मधेच पुटपुटल्या. कात्रीने बटणाचं लिहिलं, बॅटरीचं लिहिलं, पाठीचं लिहिलं. लिहून झाल्यावर एकदा वाचलं. मास्तर असते तर म्हणाले असते, फार शहाणपणा करतेय ही. तिने दोन वाक्यं काढली आणि पाठवून दिलं.

पहिलं उत्तर फोन खाली ठेवायच्या आत आलं. "लाज वाटत नाही? मेलेल्या माणसाला बदनाम करताय? त्यांनी चष्मा घातलाय, आंधळ्या आहात का?" त्याखाली दुसरं. त्याखाली तिसरं. सगळी मास्तरांवर जीव टाकणारी माणसं. एकाने लिहिलं होतं, "पुरावा दाखवा."

मग दादाचा फोन आला. तिने तो वाजू दिला. वाजून वाजून थांबला.

"काय म्हणतायत लोक?" मावशींनी विचारलं. नजर खेळावरून हलली नव्हती.

"मास्तर खोटं बोलणार नाहीत म्हणतायत."

"बरोबर आहे त्यांचं."

बाहेरचा उजेड कमी झाला. कोणी दिवा लावायला उठलं नाही. कन्सोलच्या उजेडात मावशींचा चेहरा कधी निळा, कधी पिवळा होत होता. स्क्रीन खरंच सुंदर होती. त्या हरत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. बोटं दुखत असणार, पण त्या थांबत नव्हत्या. कात्री समोर बसून राहिली. कशाची वाट बघायची आहे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

मग मावशींनी खेळ थांबवला. कन्सोल उलटा करून दोन्ही तळव्यांत धरला.

"हात आण."

कात्रीने हात पुढे केला. मावशींनी तिचा तळवा त्या पाठीवर ठेवला आणि वरून स्वतःचा हात ठेवला.

गरम होती. चटका बसेल इतकी नाही. जितकी मास्तर म्हणाले होते तितकी.

"बघ," मावशी म्हणाल्या, आणि निवेपर्यंत त्यांनी कन्सोल हातातून सोडला नाही.